चढावर वाजणारी गाडी

हिलाल आप्पांना कमी ऐकू येतं, हे सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त हिलाल आप्पांना. त्यांचं निदान वेगळं होतं. "लोकंच आते हयू बोलतस," असं ते म्हणायचे. माणसं हल्ली हळू बोलतात, छातीत पूर्वीसारखा दम राहिलेला नाही, सगळा पाकिटातल्या दुधाचा परिणाम.

आप्पा शिंदखेड्याकडचे. सतराव्या वर्षी सुरतेत आले आणि वीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये फिटर म्हणून राबले. शंभर मागांच्या खडखडाटात ज्याचं तारुण्य गेलं त्याचा कान शाबूत राहील कसा? पण गंमत अशी, की शेडमध्ये सगळेच ओरडून बोलत आणि घरी आल्यावरही तीच सवय राही. सिंधूमावशी, म्हणजे आप्पांची बायको, नवऱ्याच्या कानात गुपित सांगायच्या ते आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं. अशा घरात बहिरेपणा उघडकीला येणार तरी कसा? त्यात आप्पांचा वचक मोठा. तुम्हाला ऐकू येत नाही, हे त्यांना सांगायचं कुणी, असा प्रश्न होता, आणि मी तिथे राहायला आले तेव्हा तो बरीच वर्षं पडून होता.

मागांचं काम सोडल्यावर आप्पांनी खाडीपलीकडे गॅरेज टाकलं. श्री कानबाई ऑटो गॅरेज. आत कानबाईचा, म्हणजे खान्देशच्या कुलदेवीचा, मोठा फोटो, त्याला रोज ताजा हार, आणि फोटोखाली खिळ्याला टांगलेला हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. सुरतेत त्याला डिसमिस म्हणतात. हा डिसमिस म्हणजे आप्पांचं दुसरं दैवत. कुणाचीही गाडी आली की ते इंजिन चालू ठेवायला सांगत, डिसमिसचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवत आणि मूठ दातांत धरत. मग डोळे मिटून उभे. दाढेतून कवटीत काय पोचायचं ते कानबाईच जाणे, पण डोळे उघडले की रोग सांगून मोकळे. कानाने न ऐकणारा हा माणूस हाडाने मात्र ऐकायचा, आणि त्याचं निदान चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. एका गाडीच्या बाबतीत चुकलं, पण ती पुढची गोष्ट.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी नाशिकची, सुरतेत मराठी शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा आम्ही नवीनच छोटी गाडी घेतली होती आणि मी तिचे फार लाड करत होते. पंपावर महागाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं, वर पर्वत पाटियाच्या दुकानातून आणलेली ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतायची. तरी गाडी होती तशीच चालायची. शेवटी आप्पांना दाखवली. त्यांनी दातात डिसमिस धरला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी ठणठणीत शे. दवाई कशाला पाजता?"

मी माझं ज्ञान पाजळलं. शून्य ऑक्टेनचं हेप्टेन, शंभर ऑक्टेनचं आयसोऑक्टेन, त्यांच्या मिश्रणाशी तुलना करून काढलेला आकडा, सगळं. आप्पांनी शांतपणे ऐकलं. किती ऐकू आलं देव जाणे.

"ऑक्टेन म्हणजे ताकद नही, मॅडम," ते म्हणाले. "ऑक्टेन म्हणजे सबूर. पेट्रोल नि हवा आत दाबली जाते ना, तेव्हा गरम होते. ठिणगी पडेपर्यंत गुमान बसलं ते चांगलं पेट्रोल. ठिणगीच्या आधीच भडकलं की इंजिनावर आतून हातोडा बसतो. आता सांगा, तुमच्या वर्गातली पोरं घंटा होईपर्यंत गुमान बसतात का?"

"बसतात," मी जरा अभिमानाने म्हणाले.

"मग त्यांच्यावर आणखी कडक मास्तर नेमला तर अभ्यास वाढेल का?"

चौदा वर्षांच्या नोकरीत ऑक्टेनचा धडा मी बऱ्याच वेळा शिकवला होता, पण तो मला समजला त्या दिवशी. पुढल्या वर्षापासून मी वर्गात हेच उदाहरण देऊ लागले, आणि ते माझंच आहे असं भासवत राहिले. हे त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "चालंल. मी तुमच्याकडून कमिशन नही घेत."

बूस्टरच्या बाटल्यांवर त्यांचा खास राग होता. एखाद्या गाडीला तिची गरज असते, हे ते नाकारत नसत. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला सबुरीचं पेट्रोल लागतं, नाहीतर ते चढावर ठोकतं. बाकीच्यांना ही बाटली म्हणजे गंगाजल, असं त्यांचं ठाम मत. "गंगाजलानं पाप जातं. ॲव्हरेज नही वाढत."

पण राग आला म्हणून भांडतील ते आप्पा कसले? त्यांच्या रागाला खोडी काढायची वाट सापडायची. साड्यांचे व्यापारी जिग्नेशभाई त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली आणि हट्ट धरला, की दर महिन्याला बूस्टर टाकाच. आप्पांनी समजावून पाहिलं. जिग्नेशभाई ऐकेनात. मग आप्पांनी बूस्टरची एक रिकामी बाटली कुठून तरी मिळवली. शेठ बाहेर फोनवर बोलत असताना त्यांच्याच टाकीतून नळीने ती भरली. मग शेठना आत बोलावलं, कानबाईपुढे उदबत्ती लावली, बाटलीला कुंकवाचं बोट लावलं आणि शेठच्या डोळ्यांदेखत त्यांचंच पेट्रोल त्यांच्याच टाकीत परत ओतलं.

चार दिवसांनी जिग्नेशभाई असं टाकलंत तरी काय, हे विचारत धावत आले. "आप्पा, शुं नाख्युं तमे? गाडी तो ऊडे छे!"

आप्पांनी बाटलीचे पैसे घेतले नाहीत. ही सेवा कानबाईच्या नावाने, असं सांगितलं. पुढे वर्षभर दर महिन्याला हा विधी होत राहिला आणि जिग्नेशभाईंची गाडी उडत राहिली. आप्पा मला गॅरेजमध्ये बोलावून हा सोहळा दाखवत. मी शिक्षिका असून फितूर झाले, हे कबूल करते. मला फार मजा यायची.

खोडी अंगाशी यायची वेळ आली ती जावयाच्या दुकानात.

आप्पांना एकच मुलगी, योगिता. हुशार, बापासारखीच तिरकस बोलणारी आणि बापाचा जीव की प्राण. तिचं लग्न चेतनशी झालं. चेतन नंदुरबारकडचा, मेहनती, जरा हळवा. पर्वत पाटियाला त्याने गाड्यांच्या सामानाचं दुकान काढलं. सीट कव्हर, हॉर्न, अत्तरं, आणि समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या. उद्घाटनाचा नारळ फोडायला अर्थातच आप्पांना बोलावलं होतं. आम्ही शेजारीही गेलो होतो. आप्पा पांढरा सदरा घालून आले, नारळ फोडला, भिंतीकडे पाहिलं आणि नजर छताकडे नेली. मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात जिग्नेशभाई पेढ्यांचा खोका घेऊन आले. बाटल्यांची भिंत पाहून त्यांचा चेहरा उजळला. भरल्या दुकानात ते चेतनला म्हणाले, "आ तो बहु सारी वस्तू, एकदम चांगली. तुझे सासरे दर महिन्याला माझ्या गाडीत टाकतात. विचार त्यांना, गाडी कशी ऊडे छे!"

चेतनला आकाश ठेंगणं झालं. गोडादऱ्यापासून कामरेजपर्यंत ज्याच्या शब्दाला मान, तो आपला सासरा बूस्टर वापरतो! त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हात जोडले. "मामा, तुम्हीच सांगा ना लोकांना दोन शब्द."

आप्पांना गप्प राहता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी जावई खूश आणि शेठही खूश. सिंधूमावशी डोळ्यांनी खुणावत होत्या. पण आप्पांच्या जिभेला खाज सुटलेली मला दिसत होती.

"शेठ," ते म्हणाले, "ते तुमचंच पेट्रोल होतं. तुमच्याच टाकीतलं."

दुकानात जो हशा पिकला तो थांबेना. जिग्नेशभाई व्यापारी माणूस, लाल झाले पण हसण्यावारी नेलं. चेतन मात्र हसला नाही. त्याच्या दुकानाच्या पहिल्या दिवशी, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याच्याच सासऱ्याने भिंतभर माल गंगाजल ठरवला होता. योगिताने बापाच्या हातातली पेढ्याची बशी काढून घेतली आणि आत निघून गेली.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. श्रावणात कानबाईचे रोट झाले, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी आली नाही. फोनवर आईशी बोलायची, आप्पांचा विषय निघाला की गाडी दुसरीकडे वळवायची. चेतनने निरोप पाठवला होता, की मामांनी दुकानात येऊन एकदा शब्द मागे घ्यावा. आप्पा म्हणाले, "खरं ते बोललो. खऱ्याले रिव्हर्स गिअर नही राहत." हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं, की महिनाभर ते सगळ्यांना ऐकवत होते. मात्र संध्याकाळी गॅरेज बंद करून ते ओट्यावर बसत तेव्हा रस्त्याकडे बघत असत. मी एकदा विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हणाले, पेपरवाल्याची. पेपर सकाळी येतो.

इथे आप्पांच्या स्वतःच्या गाडीबद्दल सांगायला हवं. जुनी, क्रीम रंगाची फियाट. योगिता पाचवीत असताना आप्पांनी ती भंगारातून उचलली आणि स्वतःच्या हाताने उभी केली. इंजिनाचं हेड, वरचं झाकण, घासून घेतलं, म्हणजे आतली जागा कमी झाली, दाब वाढला आणि गाडीत जोर आला. या हेड घासण्याचा त्यांना कोण अभिमान! "असं इंजिन साऱ्या सुरतेत नही," असं ते सांगायचे, आणि ते अक्षरशः खरं होतं. कारण आमच्या सोसायटीच्या अलीकडे खाडीवरचा पूल लागतो, आणि त्या पुलाचा चढ आला की आप्पांच्या गाडीतून दाणे भाजल्यासारखा आवाज यायचा. तडतड, तडतड. जास्त दाबाचं इंजिन आणि साधं पेट्रोल. साऱ्या जगाला सबूर शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीत पेट्रोलला सबूर नव्हती.

आणि हा आवाज सगळ्या सोसायटीला ऐकू यायचा, फक्त आप्पांना नाही. असा बारीक, तिखट आवाज नेमका मागांनी त्यांच्या कानातून चोरून नेला होता. दुसऱ्यांच्या गाड्या ते डिसमिस दातात धरून ऐकत, पण ही तडतड फक्त चढावर यायची, आणि चढावर गाडी चालवताना दातात डिसमिस धरणार कोण?

बरं, कुणी त्यांना सांगितलंही नाही. आधी धाक म्हणून, पुढे सोय म्हणून. पुलावर तडतड झाली की सिंधूमावशी मालिका बंद करून चहाचं आधण ठेवत. जिन्यात पत्ते खेळणारे पत्ते आवरत. पोरं कॅरम सोडून पुस्तकं उघडत, कारण आप्पा येता-जाता कुणालाही पाढे विचारत. लहानपणी योगिता तो आवाज ऐकून दाराशी पळायची, हे मला तिनेच सांगितलं होतं. अशी घंटा कोण हातची घालवेल?

मग अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा. या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी, त्यांना धोंड्याचं जेवण घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. सिंधूमावशींनी नवऱ्याला स्पष्ट बजावलं, की हा महिना कोरडा गेला तर मी शिंदखेड्याला निघून जाईन. मग स्वतः पर्वत पाटियाला जाऊन आमंत्रण देऊन आल्या. चेतनने एक अट घातली. मामांनी शब्द मागे घेतला नाही तरी चालेल, पण एक बाटली मी स्वतःच्या हाताने मामांच्या गाडीत ओतणार.

आप्पा दोन दिवस फणफणले. पण या महिन्यात जावयाची मागणी नाकारायची म्हणजे साक्षात नारायणाला नाही म्हणणं. "नारायणानं कमळ मागितलं असतं, तळं उपसलं असतं," ते मला म्हणाले. "बाटली मागतो, काय करू?"

रविवारी ते दोघं आले. योगिता बापाच्या पाया पडली, पण नजर वर केली नाही. पुरणाचे धोंडे झाले, तुपाची धार झाली, वाण दिलं. मग कपाळावर कुंकू आणि खांद्यावर नवा टॉवेल अशा थाटात चेतन खाली उतरला. सगळी सोसायटी गॅलरीत. त्याने पेट्रोल भरलेल्या फियाटमध्ये बाटली ओतली आणि आम्ही कामरेजपर्यंत फेरी मारायला निघालो. आप्पा चालवायला, शेजारी चेतन, मागे योगिता आणि निष्पक्ष साक्षीदार म्हणून मी.

खाडीच्या पुलाचा चढ आला. गाडी चढली, वर पोचली, उतरली. योगिताने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दाणे भाजले गेले नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय, पाव्हनं?" आप्पा खुशीत ओरडले. "पडला काही फरक? माले तर काही नही जाणवला."

चेतन कधी या गाडीत बसलाच नव्हता. त्याला काय कळणार? तो खिडकीबाहेर बघत बसला. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर योगिताने माझा हात घट्ट धरला. नवऱ्याची लाज राखायची तर बापाला भरल्या गाडीत सांगावं लागणार होतं, की तुम्हाला ऐकू येत नाही. तिला ते जमेना. फेरी आटोपली आणि संध्याकाळी ती दोघं जशी आली तशी निघून गेली. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं.

सोसायटीची दाणादाण उडायला सोमवार उजाडला. आप्पा घरी आले, कुणाला पत्ताच नाही. जिन्यात पत्त्यांचा डाव रंगात, पोरं कॅरमवर, आणि घरात सिंधूमावशी मालिकेत गुंग. मंगळवारी तसंच. बुधवारी आप्पांनी दारातच विचारलं, रोज मी येतो तेव्हा चहा तयार राहतो, या आठवड्यात काय झालं?

सिंधूमावशी दचकून उठल्या आणि तोंडातून निघून गेलं, "गाडी वाजनीच नही!"

त्यांचा आवाज केवढा ते सांगितलंच आहे. सोसायटीने ते ऐकलं आणि या वेळी आप्पांनीही ऐकलं.

"मनी गाडी वाजस?" त्यांनी विचारलं.

सिंधूमावशींनी पदर तोंडाला लावला. आप्पा जिन्यात आले. पत्तेवाले चपला शोधू लागले. मी दारात उभी होते, माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता. खरं सांगा." मी पायाकडे बघितलं. मग त्यांनी फोन लावून लेकीला बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा स्वतः.

योगिता आली, चेतनही आला. आप्पा ओट्यावर बसले होते. तिने त्यांच्या शेजारी बसून, सवयीने मोठ्या आवाजात, पण खाली बघत सांगितलं. "वाजते, आप्पा. चढावर. बाटली टाकली तेव्हा थांबली."

"कवयपासून?"

"मी पाचवीत होते तेव्हापासून."

"तू बी सांगं नही?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "तो आवाज आला की मला कळायचं तुम्ही आलात. मी कशाला बंद करू?"

आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. मग उठले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतील तर ते आप्पा कसले? टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरलं, चेतनला म्हणाले, पाव्हनं, तुम्ही चालवा. स्वतः शेजारी बसले, डिसमिसचं टोक इंजिनामागच्या पत्र्याला टेकवलं आणि मूठ दातात धरली. निष्पक्ष साक्षीदार पुन्हा मागच्या सीटवर. पुलाच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली. दातात हातभर हत्यार धरलेला म्हातारा पाहून त्याने विचारलं, "काका ने शुं थयुं?"

"दांत दुखे छे," चेतन म्हणाला. त्या वर्षात मी त्याला पहिल्यांदा विनोद करताना पाहिलं.

चढ लागला. तडतड सुरू झाली. आप्पांचे डोळे मिटलेले होते. पुलाच्या माथ्यावर गतिरोधक आला, मूठ दातावर आपटली, तरी त्यांनी डिसमिस सोडला नाही. पलीकडे उतरल्यावर त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि एक दात हलतोय का ते बोटाने पाहिलं.

"ठोकस," ते म्हणाले. "बरोबर ठोकस. हेड मीच घासलं." आणि हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते सगळं पाणी हसण्याचं होतं असं मला वाटत नाही.

गाडी तशीच पर्वत पाटियाला घ्यायला लावली. दुकानात गर्दीची वेळ होती, आणि योगायोग असा की जिग्नेशभाई सीट कव्हर बघत होते. आप्पा बाटल्यांच्या भिंतीपुढे उभे राहिले आणि शेडमध्ये बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मी मागे बोललो त्यातलं अर्धं खोटं होतं. ज्याची गाडी चढावर वाजते त्याला ही बाटली लागू पडते. माझी वाजते. माझ्या जावयानं ती थांबवली. ज्याची वाजत नही त्यानं घेऊ नये, पण ज्याची वाजते त्याला ती ऐकू येईलच असं नही, म्हणून आधी माझ्याकडे दाखवावी." शब्द मागे घेतानाही त्यांनी त्यातला खरा भाग सोडला नाही.

जिग्नेशभाई शांतपणे म्हणाले, "आप्पा, तमारी गाडी तो वर्षोथी वागे छे. हुं रोज सांभळुं छुं."

म्हणजे गाडी वाजते हे तेही वर्षानुवर्षं ऐकत होते. वर्षभर स्वतःचंच पेट्रोल पिऊन त्यांनी हे हुकमाचं पान हातात राखून ठेवलं होतं. आप्पांनी त्यांना कडकडून मिठी मारली. चेतनने सासऱ्यांच्या पायांना हात लावला, आणि योगिता त्या रात्री माहेरी राहायला आली ती चांगली आठवडाभर राहिली.

तेव्हापासून आप्पा दर महिन्याला जावयाच्या दुकानातून एक बाटली आणू लागले. चेतन मिशीत हसत पिशवीत घालून द्यायचा. मला मात्र एक कोडं पडलं होतं. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जरासं मागे घेतलं की असं ठोकणं थांबतं, बाटलीची गरज उरत नाही, हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. त्यांच्या हातचं दोन मिनिटांचं काम. मी विचारलं की ते हमखास बहिरे होत.

आप्पा गेल्या वर्षी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. गॅरेज आवरताना चेतनला कानबाईच्या फोटोमागे त्या सगळ्या बाटल्या सापडल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. तो माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. "मॅडम, मामांनी एक पण नाही वापरली. का?"

मला कारण माहीत होतं, कारण आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्या फियाटमध्ये. जाण्याच्या आधीचाच रविवार. मी पर्वत पाटियाला रिक्षाची वाट बघत उभी होते. ते लेकीकडे निघाले होते, मला बघून थांबले, म्हणाले बसा. योगिताचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोरूनच उड्डाणपूल चढतो. मागच्या सीटवर नवी बाटली होती, पिशवीत, बंद.

"बाटली टाकली नाही?" मी ओरडून विचारलं. "आणि टायमिंग? इंजिन खराब होईल, आप्पा."

"इंजिन मन्हापेक्षा जास्त जगी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मंग योगिताले कसं कयी, मी वनू म्हनीसन?" आपण आलो हे लेकीला कळणार कसं, एवढीच त्यांना काळजी.

चढ सुरू झाला. आप्पांनी गिअर बदलला, पाय दाबला आणि मान माझ्याकडे वळवली. समोर न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"वाजली का, मॅडम?"

"वाजली," मी म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत योगिता आली, पुलाकडे पाहिलं आणि आत वळली.

"चहा ठेवाले गयी," आप्पा म्हणाले, आणि समोर बघून गाडी चालवू लागले.